पावाची भट्टी आणि आपलें घर

ज्या वस्तूच्या एका तुकड्यानें विहीर बाटते असें आमच्या पूर्वजांनीं मानलें, ती वस्तु आज आमच्या घरीं रविवारच्या न्याहारीला उघडपणें मांडलेली असते, आणि घरांतील वृद्ध मंडळीहि तिच्याविषयीं चकार शब्द काढीत नाहींत. ही वस्तु म्हणजे पाव. मिसळीबरोबर तो हवा, भाजीबरोबर तो हवा, आणि बटाटेवड्याला तर रस्त्यावर त्याच्यावांचून कोणी विचारीत नाहीं. इतका तो आपला झाला आहे. तथापि ज्या भट्टींतून तो येतो ती भट्टी, तिच्यापुढें रात्र जागून काढणारा माणूस, आणि त्याच्या धंद्यावर आज ओढवलेला प्रसंग, यांची विचारपूस करणारीं घरें थोडीं. गहूं कोणत्या जातीचा, तांदूळ नवा कीं जुना, हें मूठभर दाणे हातांत घेऊन पारखणारी गृहिणी पावाच्या बाबतींत मात्र ‘ताजा आहे ना?’ एवढ्या एकाच प्रश्नावर थांबते. त्या पुढचे दोन-चार प्रश्न विचारावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

नांव आणि आगमन

पीठ पायांनीं तुडवून मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, अशी एक व्युत्पत्ति आमच्याकडे पुष्कळ दिवस सांगितली जात असे. सोवळ्याच्या घरांत पावाला दूर ठेवण्यास तिचा चांगला उपयोग झाला असेल, परंतु ती खरी नव्हे. पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला. त्या भाषेंत भाजलेल्या रोटीला ‘पांव’ असें नाकांतून उच्चारलेलें नांव आहे, आणि तें लॅटिन भाषेंतील ‘पानिस’ ह्या शब्दापासून झालें आहे. चावी, पगार, घमेलें, फीत हे आपल्या नित्य बोलण्यांतले शब्द ज्या वाटेनें मराठींत आले, त्याच वाटेनें हाहि आला.

१५१० सालीं आल्फोन्सो द आल्बुकर्क यानें गोवा घेतलें, तेव्हां पोर्तुगिजांपुढें जेवणाचा प्रश्न उभा राहिला. हा मुलूख भाताचा. रोटीवांचून जेवण नाहीं असें मानणाऱ्या, आणि ज्यांच्या धर्मविधीलाहि गव्हाची रोटी लागते अशा ह्या लोकांना येथें गहूं पिकत नाहीं आणि पीठ फुगविण्यास खमीर मिळत नाहीं, ह्या दोन अडचणी आल्या. गहूं बाहेरून आणतां येई. खमिराची सोय मात्र माडानें करून दिली. माडाच्या पोयीला छेद देऊन जो गोड रस काढतात, तो कांहीं तासांतच आपोआप आंबूं लागतो. त्याला गोव्यांत सूर म्हणतात, आपण माडी म्हणतों. ही सूर पिठांत घातली कीं पीठ फुगतें. सासष्टींतील माजोर्डा हें गांव ह्या विद्येचें माहेरघर समजलें जातें. तेथील लोकांनीं ती जेझुइट पाद्र्यांकडून घेतली आणि गांवोगांव नेली, अशी परंपरा आहे. पाव करणाऱ्याला पोर्तुगीज भाषेंत जो शब्द आहे, त्याचें कोंकणींत ‘पोदेर’ झालें, आणि गोव्यांत हा शब्द आजहि घरोघर चालतो.

पीठ फुगतें कसें, हें मुलांना समजावून सांगण्याजोगें आहे. सुरेंत डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांची वस्ति असते. हे जीव साखर खातात आणि तिचे दोन पदार्थ करतात: एक मद्यार्क आणि दुसरा कर्बद्विप्राणिल वायु. गव्हाच्या पिठांत पाणी घालून तें चांगलें मळलें म्हणजे त्यांतील चिकट द्रव्याची जाळी तयार होते, आणि वायूचे बुडबुडे त्या जाळींत अडकून राहतात. तांदुळाच्या किंवा ज्वारीच्या पिठांत ही चिकटाई नसते. म्हणून भाकरीला पापुद्रा सुटतो, पण पावासारखी जाळी पडत नाहीं. पीठ भट्टींत गेल्यावर बुडबुडे उष्णतेनें फुगतात, सूक्ष्म जीव मरतात, मद्यार्क बहुतेक उडून जातो, आणि जाळी तेवढी घट्ट होऊन राहते. सुरेंत आंबटपणा आणणारे दुसरेहि जंतु असल्यामुळें तिनें फुगविलेल्या पावाला एक किंचित् आंबूस चव येते. डब्यांतल्या यीस्टनें पीठ लवकर फुगतें, पण ती चव येत नाहीं.

पोदेराची पांटी

मुंबई-पुण्याच्या वाचकांना पाव म्हटला कीं एकच आकार डोळ्यांपुढें येतो. गोव्यांत तसें नाहीं. चौकोनी मऊ तो पाव. वाटोळा, वरून कडक आणि आंतून मऊ तो उंडो. कात्रीनें कापून फुलपांखरासारखा उघडलेला तो कातरो. कांकणासारखा वाटोळा, कोरडा आणि कुरकुरीत, चहांत बुडवून खावयाचा तो कांकण. आणि गव्हाच्या कोंड्यांत घोळून भाजलेली, आंतून पोकळ, ती पोय. ह्या पोयीचा दोन पदरांमधला पोकळ भाग म्हणजे एक आयती पिशवीच असते. तींत भाजी भरा, अंड्याची पोळी भरा, हातांत धरून चालतां चालतां खा. भांड्याची गरज नाहीं. गोव्याच्या रस्त्यांवर संध्याकाळीं गाड्यांवर जें ‘रस-ऑम्लेट’ मिळतें, त्यांत शागुतीचा रस्सा अंड्याच्या पोळीवर ओततात आणि तो पावानें टिपून खातात. ख्रिस्ती वस्तींत डुकराच्या मांसाची आंबट-तिखट ‘चोरीस’ पावांत घालून देतात. हिंदु उपाहारगृहांत सकाळच्या वेळीं पातळ भाजी, सुकी भाजी आणि पाव हा ठरलेला बेत असतो. एका टोपलींतला पाव असा तिन्ही ठिकाणीं जातो.

पूर्वीं पोदेर चकत्या बांधलेली वेळूची काठी जमिनीवर आपटीत येई, आणि तिच्या खुळखुळण्यानें गांवाला त्याची चाहूल लागे. पुढें सायकल आली आणि काठीची जागा रबरी भोंग्यानें घेतली. पहांटे एकदां आणि दुपार कलल्यावर एकदां, अशा दोन फेऱ्या तो करतो. मागें बांधलेल्या पांटीवर कापड टाकलेलें असतें, तें उचललें कीं गरम पावाचा वास गल्लीभर पसरतो. दारांत अडकविलेल्या पिशवींत मोजके पाव टाकून तो पुढें जातो, आणि हिशेब महिन्याच्या शेवटीं होतो. दूधवाल्याशीं आपला जसा व्यवहार, तसाच तेथें पोदेराशीं.

विहिरीची कथा आणि चहाचें प्रकरण

आतां त्या बाटण्याच्या गोष्टीकडे वळूं. वसईचा मुलूख १५३४ सालीं पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पानें तो परत घेतला. ह्या दोनशें वर्षांविषयीं त्या पट्ट्यांत, आणि तशीच गोव्यांतहि, एक कथा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. रात्रीं कोणी तरी गांवच्या विहिरींत पाव टाकावा, सकाळीं बायाबापड्यांनीं पाणी भरावें, आणि मग दवंडी पिटावी कीं सारा गांव बाटला. पोर्तुगिजांच्या राजवटींत धर्मांतरासाठीं छळ झाला, आणि गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें, हा इतिहास आहे. परंतु ह्या कथेचें मर्म पाव टाकणाऱ्याच्या दुष्टपणांत जितकें आहे, तितकेंच तें गांवाबाहेरच्या भाऊबंदांच्या वागण्यांत आहे. अजाणतां पाणी प्यालेल्या माणसांना ‘या, तुम्ही आमचेच’ असें म्हणणारा कोणी भेटला असता, तर विहिरींतला तो तुकडा माशांनीं खाऊन टाकला असता आणि गोष्ट तेथेंच संपली असती. तुकड्याला शक्ति आमच्या नियमांनीं दिली.

ही गोष्ट फार जुनी म्हणून सोडून द्यावी, तर १८९० सालीं खुद्द पुण्यांत काय झालें तें आठवावें. पंचहौद मिशनमध्यें बोलावणें होतें. शहरांतील नामांकित मंडळी गेली. तेथें चहा-बिस्किटें पुढें आलीं. आणि पुढें तीं नांवें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाल्यावर ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोंचलें. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्यांनाहि प्रायश्चित्ताच्या वादांतून जावें लागलें. भट्टींतून निघालेल्या पदार्थाची तेव्हांच्या पांढरपेशा समाजांत एवढी धास्ती होती.

मग पाव आमच्या घरांत शिरला कसा? पुष्कळ घरांत तो औषध म्हणून शिरला. तापांतून उठलेल्या माणसाला डॉक्टरांनीं दूध-पाव सांगावा, आणि आजीबाईंनीं ‘औषधाला दोष नाहीं’ म्हणून तो स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवूं द्यावा. पुढें मुलें नोकरी-शिक्षणासाठीं मुंबईस राहूं लागलीं, इराण्याकडे चहा पिऊं लागलीं, आणि सुट्टींत घरीं येतांना ती गोडी बरोबर घेऊन आलीं. सुधारणेवर व्याख्यानें झडत होतीं, तोंवर पाव मागल्या दारानें आंत येऊन बसलाहि होता.

गिरणगांवचें जेवण

मुंबईंत पावाला खरा आश्रय मिळाला तो कामगारांचा. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडाच्या गिरणीचा पाया घातला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत कोंकणांतून आणि घाटावरून माणसांचा लोंढा परळ-लालबागेकडे वळला. ह्यांतील पुष्कळजण एकटे, बायकामुलें गांवीं. भाकरी ही घरच्या चुलीची लेक आहे. तिला थापणारा हात लागतो, तवा लागतो, आणि थंड झाली कीं ती रुसते. ज्याला चूल नाहीं त्यानें काय खावें? पाव तयार मिळे, स्वस्त मिळे, दिवसभर टिके आणि उभ्यानें खातां येई. गोव्याहून आलेल्या भट्टीवाल्यांनीं आणि मागाहून इराणांतून आलेल्या मंडळींनीं ह्या शहराला पाव पुरविला. कडक कवचाचा ब्रून आणि मऊ लादी पाव हे दोन्ही प्रकार तेव्हांपासून येथें नांदत आहेत.

लादी पावाची रचना पाहण्यासारखी आहे. पिठाचे गोळे पत्र्यावर एकमेकांना चिकटून ठेवतात. फुगल्यावर ते चारी बाजूंनीं एकमेकांना दाबतात. त्यामुळें आंच केवळ माथ्यावर आणि तळाला लागते, आणि कडा पांढऱ्या व मऊ राहतात. त्या मऊ कडेमुळेंच तो रस्सा शोषून घेतो, आणि वडा आंत दाबला असतां फाटत नाहीं.

दादर स्थानकाबाहेर १९६६ सालीं अशोक वैद्य यांनीं बटाटेवडा पावांत घालून विकण्यास आरंभ केला, असें सर्वत्र मानलें जातें. वडापाव हा मराठी माणसाचा अगदीं स्वतःचा पदार्थ; परंतु त्याचीं अंगें सुटीं करून पाहिलीं तर मोठी मौज दिसते. पाव पोर्तुगिजांचा. बटाटा अमेरिकेंतून निघालेला, आणि त्याचें नांवहि पोर्तुगिजांनीं दिलेलें. तिखटाची मिरची आणि कोरड्या चटणींतील शेंगदाणा हींहि त्याच खंडांतून आलेलीं. आपलीं म्हणावयास उरतात तीं चण्याचें पीठ, हळद, मोहरी, लसूण, आणि हीं सर्व एकत्र आणणारी अक्कल. ज्या जहाजांतून बाटविणारा पाव आला, त्याच दर्यावर्दी लोकांच्या जहाजांतून आलेली मिरची आमच्या देवाच्या नैवेद्यापर्यंत गेली आणि तिला कोणी अडविलें नाहीं, ह्याचेंहि नवल वाटतें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंतील कापडगिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले, आणि पुष्कळांना ती नोकरी पुन्हां मिळाली नाहीं. त्या काळांत कित्येक घरांनीं एक कढई, एक स्टोव्ह आणि बेकरींतून उधारीवर आणलेल्या लाद्या एवढ्या भांडवलावर वडापावाच्या गाड्या टाकल्या. बायकांनीं बटाटे उकडले, पुरुष गाडीवर उभे राहिले. गिरणीच्या दारांत ज्यानें पाव खाल्ला, त्यालाच पुढें पाव विकून मुलांची फी भरावी लागली. बाटविणारा म्हणून ज्याची ख्याति, त्यानेंच इतकीं घरें तगविलीं.

भट्टीवरचा प्रसंग

पाव स्वस्त असला पाहिजे असें आपण सारे धरून चालतों. गरिबाच्या तोंडचा घास म्हणून तें योग्यहि आहे. परंतु ही स्वस्ताई कोणाच्या तरी जागरणावर उभी असते. पोदेराचा दिवस संध्याकाळीं सुरू होतो. पीठ मळावयाचें, झांकून फुगूं द्यावयाचें, गोळे करावयाचे, पुन्हां फुगूं द्यावयाचे. मध्यरात्रीनंतर भट्टींत लाकूड पेटवावयाचें, विटांचा घुमट तापला कीं निखारे व राख ओढून काढावयाची, आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीनें गोळे आंत सारावयाचे. आंच नाहीं, तापलेल्या विटांची धग पाव भाजते. ती किती तापली हें जाणणें हाच त्या विद्येचा गाभा, आणि तें पुस्तकांत पाहून येत नाहीं. मुलगा बापाच्या शेजारीं वर्षानुवर्षें उभा राहिला तरच येतें.

आणि हा मुलगाच आतां उभा राहत नाहीं. गोव्यांत शिक्षण वाढलें. पोदेराचीं मुलें कचेऱ्यांत, आगबोटींवर आणि परदेशीं गेलीं. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं; आपणहि भिक्षुकी आणि कुळकर्णीपण सोडून शहरांत आलोंच. घरच्या माणसांनीं सोडलेल्या अनेक भट्ट्या आज बाहेरून, विशेषतः कर्नाटकांतून, आलेले कारागीर भाड्यानें चालवितात, आणि कांहीं विझल्या आहेत. माडावर चढून सूर काढणारा रेंदेरहि दुर्मिळ झाला, म्हणून बहुतेक ठिकाणीं सुरेच्या जागीं यीस्ट आलें. पीठ, लाकूड, मजुरी सारें महागलें. पण पावाची किंमत एका रुपयानें वाढविली कीं गांवभर ओरड होते. दोन पैसे वांचविण्यासाठीं मग पाव लहान होतो, आणि भट्टी एक वेळ पेटते.

मुंबईंत प्रसंग निराळा आहे. जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें लाकूड व कोळसा जाळणाऱ्या शहरांतील बेकऱ्यांना आणि उपाहारगृहांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याची मुदत घालून दिली. ह्या आज्ञेमागचें कारण खोटें नाहीं. ह्या भट्ट्यांत पुष्कळदां मोडक्या कपाटांचें आणि खुर्च्यांचें रंग-रोगण लावलेलें लाकूड जळतें. त्याचा धूर वरच्या मजल्यावरील तान्ह्या मुलाच्या छातींत जातो, आणि भट्टीपुढें उभ्या कारागिराच्या छातींत तर आधीं जातो. तो धूर थांबलाच पाहिजे. परंतु विजेची किंवा गॅसची भट्टी बसविण्यास भांडवल लागतें, जागा लागते, आणि जुन्या इमारतींत परवानग्या लागतात. मोठ्या कारखान्याला हें सोपें. पांच-सहा माणसांच्या बेकरीला नव्हे. तिला ह्या कामीं वेळेवर हात मिळाला नाहीं, तर धूर जाईल आणि त्याबरोबर ती बेकरीहि जाईल. मग पाव बंद पिशवींतून, दूरच्या कारखान्यांतून, दोन दिवसांचा होऊन आपल्या दारीं येईल.

घरानें काय करावें

एवढ्या मोठ्या गोष्टींत एका घरानें काय करावें, असें कोणी विचारील. घर पुष्कळ करूं शकतें, कारण पाव रोज घेणारें तेंच.

पहिली गोष्ट, आपला पाव कोणत्या भट्टींत भाजला जातो हें ठाऊक करून घ्यावें. शक्य तेथें जवळच्या बेकरींतून, भाजण्याच्या वेळीं, स्वतः जाऊन आणावा. मुलांना एकदां ती भट्टी दाखवावी. डब्यांतल्या पोळीमागें आईचे हात असतात हें त्यांना माहीत असतें. पावामागेंहि कोणाचे तरी हात आहेत हें त्यांनीं पाहावें.

दुसरी गोष्ट आरोग्याची. लादी पाव हा निव्वळ मैद्याचा; गव्हाचा कोंडा आणि अंकुर हे दोन्ही पौष्टिक भाग त्यांतून गेलेले असतात. तेव्हां तो रोजचें अन्न होऊं नये, पोळी-भाकरीचा पाहुणा म्हणून यावा. गोव्याची पोय मिळाली तर ती अधिक बरी. मात्र घेतांना ती मोडून पाहावी. कित्येकदां कोंडा केवळ अंगाला फासलेला असतो आणि आंत शुभ्र मैदा निघतो. पाव फुगविण्यास व पांढरा करण्यास पोटॅशियम ब्रोमेट नांवाचें द्रव्य पूर्वीं सर्रास घालीत. तें प्रकृतीस घातक असल्यामुळें २०१६ सालीं भारतांत त्यास बंदी झाली. ही बंदी आपल्या बेकरींत पाळली जाते ना, हें विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, आणि बंद पाकिटावरील बारीक अक्षरें वाचण्याची संवय चांगली.

तिसरी गोष्ट किंमतीची. भाजीवालीशीं घासाघीस करावी कीं नाहीं यावर दोन मतें असतील. पण रात्रभर जागून केलेल्या पावाला रुपया वाढला असतां कपाळाला आठी घालूं नये. उपाहारगृहांत एका पेल्या कॉफीला आपण काय मोजतों, तें एकदां आठवावें.

चौथी गोष्ट, पाव टाकूं नये. शिळ्या पावाचे तुकडे तव्यावर तुपांत परतून जिरें-मिरचीची फोडणी दिली कीं मुलें आनंदानें खातात. वाळवून कुटलेला चुरा वड्या-कटलेटांना लागतो. दुधांत भिजवून साखर-वेलची घातली कीं गोड पदार्थ होतो. जो कारागीर शिळा पाव विकत नाहीं, त्याच्या ताज्या पावाचा केर आपण करणें बरें नव्हे.

एके काळीं आमच्या घरांनीं पावाला शिवावयाचें नाहीं असें ठरविलें, तेव्हां तो कोणी केला हा पहिला प्रश्न असे, आणि त्याच्या उत्तरावरून माणूस दूर लोटला जाई. पुढें तो प्रश्न आम्हीं विचारावयाचाच सोडला. आतां तो पुन्हां विचारावा. मात्र ह्या वेळीं त्या माणसाचें नांव विचारावें, त्याची भट्टी चालते ना याची चौकशी करावी, आणि मग सहा पाव मागून घ्यावे.